चौदावा नियम

बाईंना सगळे थांबाबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकारी होत्या, आणि दिवसातून शंभरदा तरी त्यांच्या तोंडून तो एकच शब्द निघायचा. थांबा, कोट कुठाय? थांबा, पाठ दाखवा. थांबा, आधी ते दार लागू दे, मग हे उघडा. नव्यानं आलेली पोरं पहिला आठवडा त्यांची नक्कल करत हसायची आणि दुसऱ्या आठवड्यात आपणहून थांबायला लागायची. बाईंना ते नाव माहीत होतं. मनातून आवडतही होतं, उगाच खोटं कशाला बोला.

प्रयोगशाळा होती डासांची. हसू नका. साधेसुधे डास नव्हते ते. त्यांच्या जनुकांमध्ये फेरफार करून असे नर तयार केले होते, की त्यांच्यापासून झालेल्या माद्या अळी असतानाच मरून जाव्यात. माद्या नाहीत म्हणजे चावणं नाही, चावणं नाही म्हणजे ताप नाही. कल्पना उत्तम. पण सरकारनं अजून त्यांना बाहेर सोडायची परवानगी दिली नव्हती, आणि परवानगी येईपर्यंत त्यांतला एकसुद्धा डास त्या खोलीबाहेर जाता कामा नये, असा सक्त नियम होता. एक गेला तर चौकशी, दहा गेले तर कुलूप. एकतीस माणसांच्या नोकऱ्या त्या कुलपाच्या किल्लीला लटकलेल्या.

म्हणून डासांच्या खोलीला दोन दारं होती. आतलं एक, बाहेरचं एक, आणि मध्ये पाच फुटांची चिमुकली खोली. एक दार उघडं असलं की दुसरं उघडायचंच नाही, तशी यंत्रणाच होती. मधल्या खोलीत एका वेळी दोनच माणसं. तिथं एक मिनिट उभं राहायचं, वरून पंख्याचा झोत अंगावर घ्यायचा, खांदे झटकायचे, केस झटकायचे, वळून समोरच्याला पाठ दाखवायची. पांढऱ्या कोटावर डास बसला असेल तर दिसतो. मिनिट झालं की हिरवा दिवा लागतो आणि मग बाहेरचं दार सुटतं. आग लागली तर दोन्ही दारं आपोआप उघडायची, तेवढं शहाणपण बांधणाऱ्यानं ठेवलं होतं. बाकी कशासाठी एकदम उघडायची झाली, तर बाहेरच्या भिंतीवर एक लाल बटण होतं.

त्या लाल बटणासाठी पूर्वी एक नियम होता. चौदावा. 'कुणाच्या जिवावर बेतल्यास लाल बटण दाबून दोन्ही दारं उघडावीत.' सरळ, साधा, माणसासारखा नियम. पण आपल्याकडे सरळ गोष्टीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. एकाचे सासरे फाटकावर येऊन उभे राहिले, त्यानं आतून ओरडून बटण दाबायला लावलं. एकाला लघवी आवरेना. "जिवावर बेतलंय हो, खरंच!" म्हणत तो जो पळाला, तो थेट मोरीत. तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं तेव्हा मोजणीत सात डास कमी भरले. आठ दिवस सगळी इमारत डोळ्यांत तेल घालून सात डास शोधत होती. सरकारी तपासणी समितीपुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या त्या थांबाबाई. ज्याला लघवी लागली होती तो नव्हे.

त्या दिवशी बाईंचं डोकं फिरलं. अति तिथे माती, म्हणाल्या, आणि चौदावा नियम त्यांनी खोडला. त्या जागी लिहिलं, 'लाल बटण केवळ सुरक्षा अधिकाऱ्याच्या परवानगीने.' बटणावर झाकण बसवलं, झाकणाला कुलूप घातलं, आणि त्याची किल्ली दोरीत ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. समितीनं न वाचता सह्या केल्या. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती मामांनी.

मामा म्हणजे डासांचे मामा. बावीस वर्षं तिथं परिचर होते. अळ्यांच्या ट्रेमध्ये माशांचं खाणं आणि इथल्या माद्यांना जगवणारं औषध भुरभुरायचं, नरांना साखरपाण्याचे बोळे, माद्यांना पातळ पडद्याआडून रक्त, कोष निवडून वेगळे करायचे, सगळं तेच बघायचे. "जग डास मारतं, मी एकटा पोसतो. वर गेल्यावर तोंड कसं दाखवू?" हा त्यांचा ठरलेला विनोद. बाईंवर त्यांचा फार जीव. नियम मोडणाऱ्या पोरांना ते बाईंच्या आधी रागवायचे. "बरं झालं बाई," टाळी वाजवून ते म्हणाले होते, "आता तरी ही कार्टी सुधारतील."

तीन वर्षं गेली. एकही डास गेला नाही.

आणि मग तो मंगळवार उजाडला. सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी डासांच्या खोलीतली घंटा वाजली. बाई बाहेरच्या टेबलावरच होत्या. आत मामा आणि संशोधन करणारी एक मुलगी होती. अंगानं इवलीशी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. बोलायच्या यंत्रातून तिचा आवाज आला तो निम्मा रडका.

"बाई, मामा पडले! पिंजरा घेऊन येत होते, एकदम बसलेच खाली. तोंड वाकडं झालंय. उजवा हात उचलत नाहीयेत."

 पक्षाघाताचा झटका आहे हे कळायला वैद्य असावं लागत नाही. बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला, संस्थेच्या नर्सला बोलावलं, आणि मग विचारलं, "पिंजरा?"

हो, हेच विचारलं. बावीस वर्षांचा माणूस जमिनीवर पडलेला, आणि बाईंचा दुसरा प्रश्न हा होता.

"फुटला," चिमणी म्हणाली. "सगळे उडतायत."

दोनशे तीन डास, त्यांतल्या निम्म्या माद्या. फवारा मारावा तर मामा आत.

नर्स स्ट्रेचर घेऊन तीन मिनिटांत आली. आणखी चार मिनिटांनी रुग्णवाहिकेची माणसंही आली, इस्पितळ जवळच होतं. तोवर सगळं नियमाप्रमाणे आणि झटपट. मग स्ट्रेचर दारात नेलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मधली खोली पाच फुटांची, स्ट्रेचर साडेसहा फुटांचं. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आणि स्ट्रेचर आत असताना एकही दार लागत नाही. इतकी वर्षं इतके शहाणे लोक तिथून ये-जा करत होते, समित्या येऊन चहा पिऊन गेल्या, पण आडवा माणूस या दारांतून कसा न्यायचा, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाईंच्या तर नाहीच नाही.

"बाई, दोन्ही दारं उघडू या," यंत्रातून चिमणी म्हणाली. "बटण दाबा ना!"

बाईंचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही, खरोखरच गेला. आणि तोंडातून शब्द निघाला, "थांबा."

रुग्णवाहिकेबरोबर आलेला माणूस आडदांड होता. त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "थांबा म्हणजे? अहो, माणूस आहे की काय आहे आत?"

"आत दोनशे डास सुटलेत. फेरफार केलेले. दारं एकदम उघडता येणार नाहीत."

"डास?" तो म्हणाला. "बाई, डास तर माझ्या घरी पण आहेत!"

एरवी कुणी असं बोललं असतं तर बाईंनी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं असतं. आत्ता त्यांनी सांगितलं, "खुर्ची आणा. बसवून आणू. खुर्ची मावेल."

चाकांची खुर्ची होती, पण तिची चाकं उंबऱ्यावरून जाईनात. मग वरच्या मजल्यावर धावाधाव करून हात असलेली साधी खुर्ची आणली. ती घेऊन तो आडदांड माणूस आणि त्याचा जोडीदार मधल्या खोलीत गेले, दार लागलं, पंखा घोंघावला, मिनिट झालं, मग आतलं दार उघडलं. आत जातानाच्या मिनिटाचा उपयोग शून्य, हे बाईंना माहीत होतं. पण यंत्राला आत जाणारा आणि बाहेर येणारा यांतला फरक कळत नव्हता. आत त्यांनी मामांना उचलून खुर्चीत बसवलं, पट्ट्यानं बांधलं. मामांचं डोकं एका बाजूला कलंडत होतं, ते जोडीदारानं धरलं. मग पुन्हा मधली खोली. आडदांड माणूस आणि खुर्चीतले मामा, बस्स, दोघंच. जोडीदार चिमणीबरोबर मागं राहिला. आतलं दार लागलं. पंखा सुरू झाला.

बाई बाहेरच्या दाराच्या गोल काचेला नाक लावून उभ्या होत्या.

आणि त्यांनी पाहिलं, की मामांनी डावा हात उचलला. हळूच उजव्या खांद्यावर नेला आणि खांदा झटकला. मग केस झटकले. मग ते खुर्चीत वळायचा प्रयत्न करायला लागले. पट्टा आड येत होता, तरी वळत होते. त्या माणसाला वाटलं की रोगी भ्रमिष्टासारखं करतोय. त्यानं त्यांना दाबून सरळ बसवलं. बाईंना मात्र नीट कळलं. मामा पाठ दाखवत होते. अर्धं अंग लुळं पडलेलं, तोंड वाकडं, लाळ गळतेय, आणि माणूस नियम पाळत होता.

त्या क्षणी बाईंना अभिमान वाटला. पुढे त्यांना स्वतःची जी किळस आली ती यासाठी. किल्ली गळ्यात असून बटण दाबलं नाही, याची कारणं तरी देता येतात. त्या अभिमानाला काय कारण देणार?

हिरवा दिवा लागला. बाहेरचं दार उघडलं तेव्हा अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. दारांच्या यंत्रात तशी नोंदच आहे. घंटा अकरा-सात, मामा बाहेर अकरा-सव्वीस. एकोणीस मिनिटं. यातली सात मिनिटं माणसं येण्यात गेली, ती कुणाचीही गेली असती. उरलेली बारा बाईंची.

संध्याकाळपर्यंत चिमणीनं आणि बाईंनी मिळून खोलीतला डास न् डास टिपला. हवेनं डास ओढून घेणाऱ्या नळीनं धरून, बॅटनं मारून, फरशीवरचे चिमट्यानं वेचून. पांढऱ्या कागदावर दहादहाच्या रांगा लावल्या. वीस रांगा आणि तीन. एकही कमी नाही.  शेवटची रांग मोजून झाल्यावर चिमणीनं कोट झटकला आणि ती मधल्या खोलीत जाऊन मिनिटभर उभी राहिली. तेव्हाही तिनं पाठ दाखवली, पण तोंड काही दाखवलं नाही.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलेलं. किती परत येईल ते सांगता येत नाही. बाईंनी विचारलं, "दहा-बारा मिनिटं आधी आले असते तर?" डॉक्टरनं खांदे उडवले. "मेंदूच्या बाबतीत मिनिटाला किंमत असते एवढं खरं. यांच्या बाबतीत किती, ते कुणीच सांगू शकणार नाही." म्हणजे ना धड शिक्षा, ना धड सुटका. बाईंना वाटलं, यानं सरळ कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी साहेबांनी अहवाल समोर ठेवला. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे संचालक. माणूस दुष्ट नव्हता. मामांच्या उशाशी दोन रात्री बसून आला होता. पण एकतीस माणसांची चूल त्याच्या डोक्यावर होती, आणि समितीनं नुकतंच पत्र पाठवून शाबासकी दिली होती. एवढ्या गोंधळात एकही जीव निसटला नाही, अनुकरणीय शिस्त, वगैरे.

बाईंनी अहवाल वाचला. 'रुग्णास नियमानुसार तत्परतेने बाहेर काढण्यात आले.' खाली आणखी एक वाक्य होतं. 'लक्षणे सकाळी घरीच सुरू झाली असावीत, मात्र ती कुटुंबीयांच्या लक्षात आली नसावीत.'

"हे कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्या बायकोनंच," साहेब म्हणाले. "मीच विचारलं, सकाळी काही वेगळं वाटलं का. म्हणाल्या, शर्टाची बटणं वरखाली लावली होती. झालं की मग. आपण 'असावीत' म्हटलंय, 'आहेत' नाही म्हटलं. करा सही."

बाईंनी सही केली.  इतरांच्या सह्यांशेजारी ती नेहमीइतकीच ठळक उठली. मूग गिळून बसायला धैर्य लागत नाही, ते आपोआप जमतं.

त्यानंतर रविवारी त्या इस्पितळात गेल्या तेव्हा मामी एकट्याच होत्या. लेक आठवडाभर राहून सासरी परत गेली होती, रोज फोन करायची. मामी घरी शिलाईकाम करायच्या, दोन बोटांना सुईचे कायमचे घट्टे पडलेले. बाईंना बघताच त्या उठल्या आणि त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुम्ही होतात म्हणून हे दिसतायत मला. ती मुलगी सांगत होती, तुम्हीच फोन केलात, तुम्हीच सगळं धावाधाव करून घेतलंत."

चिमणीनं एवढंच सांगितलं होतं. पोर शहाणी, पुढचं गिळलं तिनं.

"मीच करंटी," मामी म्हणाल्या. आवाज खाली आणला, कारण पलंगावर मामा डोळे मिटून पडले होते. "अहो, माझा जन्म गेला बटणं लावण्यात. सकाळी यांनी सगळ्या गुंड्या एकेक घर खाली लावलेल्या. मला दिसलं. मला दिसलं बाई! आणि मी काय केलं? हसले. म्हटलं, म्हातारे झालात. मी तेव्हाच धरून डॉक्टरकडे नेलं असतं तर आज हे चालत असते. साहेब म्हणाले, असू द्या, घरच्यांच्या नाही लक्षात येत. पण मला दिसलं होतं ना! लेकीला अजून सांगितलं नाही मी. कुठल्या तोंडानं सांगू? ती मला जन्मात माफ करायची नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि इथं चोरानं स्वतः जाऊन त्या फाशीवर सही केलेली.

बाई त्या दिवशी नुसतंच येते म्हणाल्या आणि निघाल्या. घरी गेल्या, जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, आणि कोट घालून डासांच्या खोलीत जाऊन मामांची नोंदवही काढली. त्या मंगळवारचं पान. नऊ वाजता ट्रेंची मोजणी, साडेनऊला तापमान, दहाला कोष, अकराला पिंजऱ्यांचं साखरपाणी. मामांचं अक्षर पहिल्यापासून सुरेख. अकरा वाजताची ओळ तर छापल्यासारखी सरळ, आकडे एकाखाली एक. झटका येत असलेला उजवा हात असं लिहीलच कसा? गुंड्या चुकल्या त्या चुकल्या. माणसाच्या चुकतात. साहेबांच्या चुकत असतील, समितीच्या चुकत असतील.

बाईंनी त्या पानाचा फोटो काढला. दारांच्या यंत्रातली नोंद छापून घेतली. आणि दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून इस्पितळात गेल्या.

मामांना उशीला टेकवून बसवलं होतं. मामी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होत्या, निम्मं गळ्यावर सांडत होतं. बाई स्टुलावर बसल्या. प्रस्तावना करायची त्यांना सवय नव्हती.

"मामी, तुमचा काही दोष नाही. हे बघा त्यांचं अक्षर. अकरा वाजेपर्यंत हात ठणठणीत होता. घरी काही सुरू झालेलं नव्हतं."

मामींनी चमचा ठेवला, हात पुसले आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. नवऱ्याचं अक्षर त्यांनी बोटानं वरून खाली वाचलं. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, रडणंही नव्हे, हसणंही नव्हे. खूप वेळ दाबून धरलेला श्वास सुटला तसा.

"मग उशीर कुठं झाला?" त्यांनी विचारलं. शिवणारी बाई, धागा कुठं तुटला ते लगेच बघते.

"माझ्याकडे."

आणि बाईंनी सगळं सांगितलं. सुटलेले डास, साडेसहा फुटांचं स्ट्रेचर, खुर्ची, आत जातानाचं फुकटचं मिनिट. लाल बटण, त्याचं कुलूप, गळ्यातली किल्ली. आपणच खोडलेला चौदावा नियम. अहवालावरची सही. काही राखून ठेवलं नाही. "बटण दाबलं असतं तर मामा बारा मिनिटं आधी बाहेर आले असते. तेवढ्यानं त्यांचा हात वाचला असता का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण बारा मिनिटं मी घेतली. तुम्ही नाही."

मामी ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर काहीही नाही. बाईंना वाटत होतं की आता शिव्या येतील, निदान हात उगारला जाईल. त्या अंग चोरून वाट बघत होत्या.

"बाहेर किती डास गेले?" मामींनी विचारलं.

"एकही नाही."

पलंगावरून आवाज आला. दोघींनी वळून पाहिलं. मामा हसत होते. तोंडाची डावी बाजू वर गेली होती, उजवी जागच्या जागी लोंबत होती, आणि डोळे ओले. एकही नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी डावा हात उचलून बाईंकडे बघत हवेत दोनदा हलवला. टाळी वाजवायला दुसरा हात नव्हता.

बाईंनी मान खाली घातली. त्यांना वर बघवेना.

मामी मात्र नवऱ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी पिशवीतून शिलाईची मापं लिहायची वही काढली, एक कोरं पान फाडलं आणि पेन्सिलीसकट बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे सगळं लिहून द्या."

"मी समितीला कळवणारच आहे, मामी. आजच पत्र..."

"समितीला काय कळवायचं ते कळवा. मला लिहून द्या. नियम लिहायला बसता ना, तसं. आत्ता."

बाईंनी लिहिलं. मांडीवर कागद धरून, मापांच्या वहीच्या रेघांवर. घंटा किती वाजता, माणसं किती वाजता, दार किती वाजता. 'दोन्ही दारे उघडण्यास मी नकार दिला.' 'लक्षणे घरी सुरू झाल्याचा कोणताही पुरावा नाही. अहवालातील ते वाक्य खोटे असून त्यावर मी सही केली आहे.' खाली तारीख, सही, हुद्दा. आयुष्यात इतक्या नियमावल्या लिहिल्या, पण एवढा छोटा कागद लिहायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

मामींनी तो मोठ्यानं वाचला, एकेक शब्द लावत, नवऱ्याला ऐकू जाईल असा. 'मी नकार दिला' इथं त्या आल्या आणि मामा अस्वस्थ झाले. डोकं हलवायला लागले. नाही, नाही. घशातून काहीतरी घरघरलं. डावा हात लांब करून ते कागद ओढायला बघत होते, डोळे बाईंकडे, जणू यांच्यावर भलताच आळ येतोय आणि तो आपणच निस्तरायचा आहे. बोटं कागदाच्या कडेला लागलीसुद्धा.

मामींनी कागद त्यांच्या हाताबाहेर नेला.

"तुम्ही गप पडा," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, पण शेजारच्या पलंगावरच्या माणसानंही मान वळवली. "तुम्हाला तुमची शाबासकी मिळाली. बाईंना बाईंची मिळाली. हा कागद माझा आहे."

त्यांनी त्याची चौकोनी घडी घातली आणि पोलक्याच्या आत सरकवली. मग पिशवीतून फोन काढून लेकीचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत असताना त्यांनी बाईंकडे न बघताच सांगितलं, "या आता तुम्ही."

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून मामींचा आवाज आला, "अगं, ऐक. तुला एक वाचून दाखवायचंय," आणि त्याच्यावर चढून मामांचं ते घशातलं घरघरणं. बाईंनी दार उघडलं, बाहेर आल्या आणि ते आपल्यामागे हळूच लावून घेतलं.